शाळेला सुट्टी, अंगणात बर्फ

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत हिवाळ्यात शाळा उघडायची की बंद ठेवायची, हे पहाटे चारच्या सुमाराला ठरतं. तिथे प्रत्येक गावाच्या किंवा परिसराच्या शाळांवर एक प्रमुख अधिकारी असतो, सुपरिंटेंडंट. हिमवादळाच्या रात्री हा अधिकारी गजर लावून उठतो. कित्येक जण स्वतः गाडी काढून चढ-उताराच्या रस्त्यांवर चक्कर मारून येतात. रस्ते साफ करणाऱ्या विभागाला फोन होतो, शेजारच्या गावांतल्या सुपरिंटेंडंटांशी बोलणं होतं, हवामान खात्याचा ताजा अंदाज पाहिला जातो. प्रश्न एवढाच असतो: सकाळी सात वाजता पिवळ्या बस सुरक्षित चालतील का, आणि बसथांब्यावर उभी राहणारी मुलं तो गारठा सोसू शकतील का? साडेपाचपर्यंत निर्णय होतो आणि घराघरांतले फोन वाजायला लागतात. कधी शाळा दोन तास उशिरा भरते. कधी पूर्ण सुट्टी. या अवचित सुट्टीला सगळे ‘स्नो डे’ म्हणतात, आणि बॉस्टन, न्यू जर्सी, शिकागो, टोरांटोकडच्या मराठी घरांतही तोच शब्द रुळला आहे.

आदल्या रात्री मुलांनी आपापले तोडगे केलेले असतात. पायजमा उलटा घालून झोपायचं, उशीखाली चमचा ठेवायचा, कमोडमध्ये बर्फाचे खडे टाकून फ्लश करायचं. हे केलं की बर्फ हमखास पडतो, असं अमेरिकेतली मुलं एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. भारतातून नुकतीच गेलेली मुलंही पहिल्याच हिवाळ्यात हे सगळं शिकतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रकार अगदीच परका नाही. हवामान खात्याने रेड अलर्ट दिला की जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी जाहीर करतात, ती पावसाची सुट्टी आपल्याकडे आता नेहमीची झाली आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतली असंख्य मुलं रात्रभर शाळांत, बसमध्ये, अनोळखी लोकांच्या घरांत अडकून पडली. मुलं घराबाहेर पडल्यावर संकट येण्यापेक्षा ती आधीच घरी असलेली बरी, हे मुंबई त्या दिवशी शिकली. अमेरिकेने हाच धडा शंभरहून अधिक वर्षं आधी, फार मोठी किंमत मोजून घेतला होता.

१२ जानेवारी १८८८. नेब्रास्का, डकोटा आणि मिनेसोटाच्या गवताळ मैदानांवर त्या सकाळी हवा अनपेक्षितपणे उबदार होती. आधीचे कित्येक दिवस कडाक्याच्या थंडीत घरात कोंडलेली मुलं जाड कोट न घालताच आनंदाने शाळेत गेली. दुपारी उत्तरेकडून गार वाऱ्याची भिंत आली. तापमान काही तासांत कोसळलं, पिठासारखा बारीक बर्फ हवेत भरला आणि हातभर अंतरावरचंही दिसेना. शाळा सुटण्याची वेळ, शाळा म्हणजे माळावरची एकेक खोली आणि घरं मैल-मैलभर दूर. त्या वादळात सुमारे २३५ माणसं गेली असं मानलं जातं आणि त्यात घरी निघालेली मुलं पुष्कळ होती. इतिहासात ते ‘चिल्ड्रन्स ब्लिझर्ड’ म्हणूनच नोंदलं गेलं. नेब्रास्कातली मिनी फ्रीमन ही तरुण शिक्षिका मात्र शाळेचं छप्पर उडाल्यावरही डगमगली नाही. तिने आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना जवळच्या शेतघरात सुखरूप पोचवलं. स्नो डेची मजा लुटताना या मुलांची आठवण ठेवावी असं मला वाटतं, कारण पहाटे चारला उठणारा तो अधिकारी ज्या जबाबदारीने जागा असतो, ती तिथून आली आहे.

सावधगिरी न बाळगल्यावर काय होतं, याचं दुसरं उदाहरण ६ फेब्रुवारी १९७८ चं. बॉस्टनला सकाळी येणारं वादळ वेळेवर आलं नाही, तेव्हा अंदाज चुकला असं समजून लोक कामावर गेले. मग ते आलं. दोन दिवसांत २७.१ इंच बर्फ पडला आणि शहराभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या महामार्गावर तीन हजारांहून जास्त गाड्या बर्फात रुतल्या. राज्यभर खासगी गाड्यांना बंदी झाली. पण त्याच आठवड्याच्या आठवणी सांगताना बॉस्टनचे जुने लोक दुसरंही काही सांगतात: रिकाम्या महामार्गांवरून स्की घालून निघालेली कुटुंबं, स्लेडवर, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या गाडीवर, दूध-पाव ठेवून दुकानातून परतणारे बाप, आयुष्यात पहिल्यांदा शेजाऱ्यांशी झालेल्या ओळखी.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. मुलांचा अभ्यास बुडतो त्याचं काय? मराठी आईवडील हा प्रश्न जरा जास्तच काळजीने विचारतात. याचं उत्तर आकडेवारीत मिळतं. जोशुआ गुडमन या अर्थशास्त्रज्ञाने हार्वर्डमध्ये असताना मॅसॅच्युसेट्समधल्या २००३ ते २०१० या काळातल्या परीक्षांचे निकाल आणि शाळा बंद राहिल्याचे दिवस एकमेकांशी ताडून पाहिले. बर्फामुळे शाळा बंद राहिल्याचा मुलांच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. एकेकट्या मुलाच्या गैरहजेरीचा मात्र दिसला. कारण समजायला सोपं आहे. शाळाच बंद असते तेव्हा सगळा वर्ग एकत्र थांबतो आणि शिक्षक दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जातात. शाळा चालू असताना चार मुलं आज नाहीत, तीन उद्या नाहीत, असं झालं की शिक्षकांना मागे राहिलेल्यांसाठी थांबावं लागतं आणि उरलेल्यांचाही वेळ जातो. बर्फाच्या धास्तीने शाळा चालू असताना मुलाला घरी ठेवणं हे शाळा बंद राहण्यापेक्षा जास्त नुकसानीचं आहे, असा याचा अर्थ.

शिवाय बुडालेला दिवस भरूनही काढला जातो. मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेचे १८० दिवस भरावेच लागतात, म्हणून वेळापत्रक आखतानाच १८५ दिवस धरतात. बर्फाने दिवस खाल्ले तर शाळा जूनमध्ये लांबते. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनवर विक्रमी ११०.६ इंच, म्हणजे सव्वानऊ फूट बर्फ पडला तेव्हा मुलं जूनच्या अखेरीपर्यंत शाळेत होती. त्या वर्षी रस्त्यांवरून उचललेल्या बर्फाचा बंदराजवळ रचलेला डोंगर पूर्ण वितळायला १४ जुलै उजाडला. फेब्रुवारीत तर महापौर मार्टी वॉल्श यांना पत्रकारांसमोर सांगावं लागलं होतं की लोकांनी खिडक्यांतून बर्फाच्या ढिगांत उड्या मारणं थांबवावं.

तेव्हा अभ्यासाची काळजी बाजूला ठेवून अंगणात उतरू. पहिली गोष्ट पाहायची ती म्हणजे आज पडलेला बर्फ कोणत्या जातीचा आहे. हे आकाशातल्या तापमानावर आणि दमटपणावर ठरतं. जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तोही सशाच्या केसाच्या टोकावर. त्यानंतर त्यांनी तापमान आणि बाष्प बदलत नेऊन कोणत्या परिस्थितीत कोणता आकार होतो त्याचा नकाशाच तयार केला. शून्याखाली दोन अंशांच्या आसपास पातळ चकत्या होतात, उणे पाचला सुया आणि खांब, उणे पंधराला चित्रांत दिसतात ती सहा फांद्यांची चांदणी. म्हणजे कोटाच्या बाहीवर पडलेला स्फटिक पाहून वर ढगात किती थंडी आहे याचा अंदाज घरबसल्या बांधता येतो.

हे पाहायला महागडं साधन लागत नाही. काळा लोकरी कपडा किंवा काळ्या कागदाचा पुठ्ठा अर्धा तास बाहेर ठेवून गार करायचा, त्यावर बर्फ झेलायचा आणि भिंगातून पाहायचा. श्वास मात्र बाजूला सोडायचा, नाहीतर स्फटिक डोळ्यांदेखत विरघळतो. व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली हा शेतकऱ्याचा मुलगा हेच करत मोठा झाला. त्याची आई शिक्षिका होती. ती त्याला घरीच शिकवायची आणि जुना सूक्ष्मदर्शक तिनेच त्याला दिला. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ ला, विसावं वर्ष लागलेलं असताना, त्याने हिमस्फटिकाचं पहिलं छायाचित्र घेतलं. पुढच्या आयुष्यात शेती सांभाळत, न तापवलेल्या खोलीत काम करत त्याने पाच हजारांहून जास्त स्फटिकांची छायाचित्रं घेतली. कोणतेही दोन स्फटिक सारखे नसतात, ही गोष्ट जगभर पसरली ती त्याच्यामुळे. १९३१ मध्ये त्याचं मोठं पुस्तक निघालं आणि त्याच डिसेंबरात, वादळातून चालत घरी आल्यानंतर न्यूमोनिया होऊन तो गेला. घरी शिकवलेल्या एका मुलाने अंगणातल्या बर्फातून विज्ञानात केवढी भर घातली, हे मुलांना आवर्जून सांगावं.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. काचेचा उंच पेला ताज्या बर्फाने काठोकाठ भरा, पण दाबू नका. पेला घरात ठेवा आणि बर्फ वितळल्यावर पाणी किती उरतं याची पैज लावा. मुलं अर्धा पेला म्हणतात. प्रत्यक्षात साधारण दहावा हिस्सा उरतो. हवामान खातं ढोबळ हिशेबाला हेच प्रमाण धरतं, दहा इंच बर्फ म्हणजे एक इंच पाऊस. ओला जड बर्फ असेल तर पाणी दुप्पट निघतं, कोरडा हलका असेल तर निम्मं. पेल्यातली बाकीची जागा हवेची होती. या अडकलेल्या हवेमुळे बर्फाच्या थराखाली जमीन उबदार राहते, उंदीर आणि चिचुंद्र्या तिथे बोगदे करून हिवाळा काढतात. आणि याच पोकळ्या आवाज शोषून घेतात, म्हणून ताज्या बर्फानंतरची सकाळ इतकी शांत वाटते.

स्नोमॅन करायचा तर बर्फ ओलसर हवा. मूठभर घेऊन दाबून पाहायचा. फार कोरडा असेल तर तूप कमी पडलेल्या रव्याच्या लाडवासारखा तो हातात फुटतो. कणांभोवती पाण्याचा पातळ थर असेल तरच ते एकमेकांना धरून राहतात. वजनाच्या तीन ते आठ टक्के पाणी असलं की गोळा छान वळतो. त्यामुळे तापमान शून्याच्या आसपास असलेला दिवस स्नोमॅनचा. दाबल्यावर कण एकमेकांना चिकटून गोठतात, हे मायकेल फॅरडेने १८५० च्या सुमाराला दोन बर्फाचे तुकडे एकत्र दाबून दाखवलं होतं. दिवस फारच थंड असेल तर स्प्रेच्या बाटलीतून थोडं पाणी मारत गोळे वळावेत. मेन राज्यातल्या बेथेल या छोट्या गावाने २००८ मध्ये सगळ्यांनी मिळून १२२ फूट उंच हिमस्त्री उभी केली. तिच्या पापण्या स्कींच्या होत्या आणि ओठ लाल रंगवलेल्या टायरांचे. त्यांचा जागतिक विक्रम बारा वर्षं टिकला.

जमिनीवर पाठ टेकून हातपाय पसरून हलवले की बर्फात पंखांची आकृती उमटते. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क शहरात २००७ मध्ये ८,९६२ लोकांनी एकाच वेळी अशा आकृत्या काढल्या. हा खेळ अगदी दोन वर्षांच्या मुलालाही जमतो आणि सत्तरीतल्या आजीलाही. फक्त आजीला उठायला हात द्यावा.

मोठ्या मुलांचं मन मात्र स्लेडमध्ये असतं. जवळपास प्रत्येक गावात एक ठरलेली टेकडी असते, बहुधा शाळेच्या किंवा बागेच्या मागची, आणि सुट्टी जाहीर झाल्यावर दहाच्या आत सगळं गाव तिथे जमतं. बर्फावरून स्लेड घसरते ती का, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना दीर्घकाळ गुंतवून ठेवलं. वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो असं आधी मानलं जायचं, पण एका मुलाच्या वजनाने पडणारा दाब त्याला पुरत नाही. बर्फाच्या अगदी वरच्या थरातले रेणू आतल्या रेणूंइतके घट्ट बांधलेले नसतात, ते सहज सरकतात. त्यात घर्षणाच्या उष्णतेने पाण्याचा पुसटसा थर तयार होतो. म्हणून फार कडाक्याच्या थंडीत स्लेड चालत नाही. अंटार्क्टिकावर गेलेल्या जुन्या मोहिमांना उणे चाळीसच्या खाली स्लेज ओढणं जवळजवळ अशक्य झालं होतं.

या टेकड्यांवरून एक नवा खेळच जन्मला. १९६५ चा नाताळ, मिशिगनमधलं मस्कीगन गाव. शर्मन पॉपेन यांच्या घरात मुलींचा दंगा चालला होता आणि पत्नी गरोदर होती. मुलींना बाहेर नेऊन रमवायचं म्हणून पॉपेननी दोन स्की शेजारी-शेजारी बांधल्या आणि मुलीला त्यावर उभं करून उतारावरून सोडलं. दुसऱ्या दिवशी शेजारची मुलं तशीच फळी मागायला आली. त्या फळीला पत्नीने ‘स्नर्फर’ असं नाव दिलं, तिचं उत्पादन सुरू झालं, आणि पुढे तिच्यापासूनच स्नोबोर्ड घडला. १९९८ मध्ये जपानमधल्या नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगची पदकं दिली गेली.

मुलांच्या या खेळांसाठी मोठ्यांना कधी कधी भांडावंही लागलं आहे. वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीसमोरचा उतार पिढ्यान्‌पिढ्या स्लेडसाठी वापरला जायचा. २००१ च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर तिथे बंदी कडक झाली. २०१५ च्या मार्चमध्ये आईवडील मुलांना आणि स्लेडना घेऊन थेट तिथे गेले आणि निषेध म्हणून घसरले. वर्षअखेरीला संसदेनेच ती बंदी मोडीत काढली. कोलोरॅडोतल्या सेव्हरन्स गावात बर्फाचे गोळे फेकायला जवळजवळ शंभर वर्षं कायद्याने मनाई होती. २०१८ च्या डिसेंबरात नऊ वर्षांच्या एका मुलाने गावाच्या सभेत उभं राहून ती हटवण्याची मागणी केली, सभेने एकमताने मान्य केली आणि पहिला गोळा त्यानेच फेकला. न्यू जर्सीतल्या एका गावात २०१५ मध्ये दोन शाळकरी मुलं बर्फ साफ करून देण्याची जाहिरातपत्रकं घरोघर वाटत होती, तर पोलिसांनी परवाना नाही म्हणून त्यांना थांबवलं. मराठी वस्ती भरपूर असलेल्या एडिसनपासून हे गाव फार लांब नाही. लोक इतके चिडले की वर्षभरात राज्याने कायदाच केला: वादळाच्या तोंडावर बर्फ सारण्याचं काम मागायला परवाना लागणार नाही.

फावड्याचं काम हा स्नो डेचा अविभाज्य भाग आहे आणि मुलांना त्यातून वगळू नये. बॉस्टनमध्ये बर्फ थांबल्यापासून तीन तासांत घरासमोरचा पदपथ मोकळा करणं कायद्याने बंधनकारक आहे. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याची पायवाटही साफ करून दिली तर मुलं खिशात चार डॉलर किंवा हातात गरम कोको घेऊन परततात. भारतातून पाहुणे आलेल्या आजोबांना मात्र फावडं देऊ नका, ते कितीही उत्साहाने पुढे आले तरी. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, ओला बर्फ विलक्षण जड असतो, आणि सवय नसलेल्या माणसाच्या हृदयावर एकदम ताण येतो. अमेरिकेत दर हिवाळ्यात बर्फ उपसताना हृदयविकाराचे झटके येतात. आजोबांचं काम खिडकीजवळ बसून मुलांना पावसातल्या सुट्ट्यांच्या गोष्टी सांगायचं.

कपड्यांबद्दल तिथे मुरलेले मराठी पालक नवख्यांना एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतात: अंगालगत सुती नको. सुती कापड घाम आणि बर्फाचं पाणी धरून ठेवतं आणि अंग गार पाडतं. आत पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर उबदार थर, सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि स्नोपँट. हातमोज्यांचा दुसरा जोड हवाच, कारण पहिला तासाभरात भिजतो. वारा असेल तर थर्मामीटरवर विसंबून राहू नये. वारा धरून भासणारं तापमान उणे अठ्ठावीसच्या आसपास गेलं की उघड्या त्वचेला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. नाकाचा शेंडा, कानाची पाळी, बोटं पांढरी किंवा बधिर झाली तर लगेच घरात यावं आणि ती कोमट पाण्यात धरावीत. चोळू नयेत, बर्फाने तर मुळीच नाहीत. ऊन असेल तर गॉगल हवा, कारण ताजा बर्फ सूर्याची अतिनील किरणं ऐंशी टक्क्यांपर्यंत परतवतो.

तीन धोके मात्र मोठ्यांनी पक्के लक्षात ठेवायला हवेत. रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगांत मुलांना बोगदे खणू देऊ नका; बर्फ सारणाऱ्या ट्रकचा चालक आत कोण आहे ते पाहू शकत नाही आणि बोगदा कोसळला तर बाहेरून आवाजही ऐकू येत नाही. स्लेडवर पाय पुढे करून बसायचं, डोकं पुढे करून कधीच नाही, डोक्याला हेल्मेट, आणि उताराच्या तळाशी झाड, रस्ता किंवा तळं नको. तिसरा धोका दिसत नाही: बर्फात रुतलेली गाडी उबेसाठी चालू करून त्यात बसलं आणि धुराची नळी बर्फाने बुजलेली असली, तर कार्बन मोनॉक्साइड आत भरतो आणि माणसं झोपेतच जातात. घर तापवणाऱ्या भट्टीच्या धुराची नळी भिंतीतून बाहेर येत असेल तर तीही मोकळी करावी.

अंगणातून आत आल्यावरचा वेळ खाण्याचा. व्हरमाँट आणि कॅनडातल्या क्वेबेकमध्ये मेपलच्या झाडाचा रस आटवून पाक करतात. सुमारे चाळीस लिटर रसाचं एक लिटर सिरप होतं. ते सिरप आणखी आटवून एकशे बारा-तेरा अंशांवर नेलं, म्हणजे आपला गोळीबंद पाक झाला, की स्वच्छ दाबलेल्या बर्फावर धार धरायची. पाक क्षणात चिवट होतो आणि काडीवर गुंडाळून खातात. व्हरमाँटमध्ये त्याबरोबर डोनट आणि गोडाने तोंडाला मिठी बसू नये म्हणून आंबट लोणच्याची काकडी देतात. खाण्यासाठीचा बर्फ वादळाच्या सुरुवातीचा नको, कारण पहिला बर्फ हवेतली धूळ घेऊन उतरतो. आणि जमिनीजवळचाही नको.

पण माझ्या मते मराठी घराने स्नो डेला करावं ते आंब्याचं आइस्क्रीम. उन्हाळ्यात पॉटमध्ये बर्फ आणि खडेमीठ भरून हँडल फिरवत बसलेली पिढी आता आजी-आजोबांच्या वयाची आहे, आणि तिथे अंगणात तोच बर्फ फुकट पडलेला असतो. दूध, साय आणि डब्यातला हापूसचा रस एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत. ती मोठ्या पिशवीत, भोवती बर्फ आणि मूठ-मूठ मीठ. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता दुधातून ओढून घेतो. मिश्रणाचं तापमान उणे एकवीसपर्यंत खाली जाऊ शकतं. म्हणून पिशवी हातमोजे घालूनच हलवायची. दहा-पंधरा मिनिटांत आइस्क्रीम तयार होतं. रस्त्यांवर टाकायच्या मिठाने बर्फ का वितळतो, हे त्याच वेळी मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

दुपारी धाकट्यांना वाचून दाखवायला एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२ चं ‘द स्नोई डे’ हे चित्रपुस्तक घ्यावं. लाल पोशाख घातलेला पीटर नावाचा काळा मुलगा शहरातल्या बर्फात दिवसभर एकटा भटकतो, एवढीच त्याची गोष्ट. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० मध्ये आपल्या सव्वाशे वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सगळ्यांत जास्त वेळा वाचकांनी घरी नेलेलं पुस्तक हेच निघालं, ४,८५,५८३ वेळा.

सगळ्याच घरांना ही सुट्टी सुखाची नसते, हेही खरं. अमेरिकेत सुमारे तीन कोटी मुलं शाळेत जेवतात आणि त्यातल्या अनेकांसाठी ते दिवसातलं भरवशाचं जेवण असतं. तासावर पगार घेणाऱ्या आईवडिलांचा स्नो डेला पगार बुडतो. म्हणून न्यूयॉर्कसारखी शहरं शाळा बंद करायला फार वेळ घेतात. मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर सुट्टीच्या दिवशी ‘कामावर जावं लागणाऱ्यांची मुलं आमच्याकडे सोडा’ असे निरोप यायला हवेत, आणि ज्यांना घरून काम करता येतं त्यांनी पुढे व्हावं.

करोनाच्या काळात घरून शिकण्याची सोय झाल्यापासून आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. अनेक शाळांनी स्नो डेच रद्द करून त्या दिवशी ऑनलाइन वर्ग ठेवायला सुरुवात केली. न्यूयॉर्क शहराने १३ फेब्रुवारी २०२४ ला तसं केलं तेव्हा हजारो मुलांना सकाळी लॉग-इनच करता आलं नाही. उलट वेस्ट व्हर्जिनियातल्या जेफरसन काउंटीने २०२० च्या डिसेंबरात, मुलं महिनोन्‌महिने पडद्यासमोर बसून थकलेली असताना, पालकांना पत्र लिहून सांगितलं की आज ऑनलाइन वर्गही नाहीत, मुलांना बर्फात जाऊ द्या. ते पत्र देशभर वाचलं गेलं. माझं मत जेफरसन काउंटीच्या बाजूचं आहे. गुणांचं नुकसान होत नाही हे दिसलेलं आहे, आणि हवामानबदलाने न्यू इंग्लंडचे हिवाळे वेगाने उबदार होत आहेत. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलांच्या मुलांना असे दिवस किती मिळतील याची खात्री देता येणार नाही.

म्हणून थंड प्रदेशात राहणाऱ्या मराठी आईवडिलांना एवढंच सांगणं आहे. पहाटेचा तो फोन आला की त्या दिवशीची जादा शिकवणी आणि गणिताची कार्यपत्रकं बाजूला ठेवा, एक तास तरी स्वतः बूट चढवून मुलांबरोबर बाहेर जा. आणि स्लेड ऑक्टोबरातच आणून ठेवा. वादळाचा अंदाज आल्यावर दुकानात एकही उरलेली नसते.